धाकट्या धन्यांचे नऊ फेरे

"दूध आवर," कान्चे आजी म्हणाली होती. "निदान रविवारी छातीवर फडकं घट्ट बांधून जा. आणि देवळाच्या अंगणात पोरीला पाजत बसू नकोस. तिथे बघणारे असतात."

पास्काला हसली होती. पहिलटकरीण ती, लेक इनेस जेमतेम दोन महिन्यांची, आणि दूध असं की शेजारच्या झोपडीत पोर रडलं तरी हिचा झगा भिजायचा. तिला त्याचा तोराच होता. "दूध आहे आजी, मध नाही लपवून ठेवायला," ती म्हणाली. कान्चे आजी म्हणजे तिशकानची सुईण. अर्धं गाव तिच्या हातांत जन्मलेलं. तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "मध नेतात तेव्हा पोळं तरी जागेवर ठेवतात, पोरी."

रविवारी प्रार्थना झाली, हजेरी झाली, जे आले नव्हते त्यांना किती फटके ते जाहीर झालं. म्हणजे देवाचं काम यथासांग उरकलं. पास्काला अंगणातल्या पांढऱ्या सावरीखाली टेकली आणि तिने इनेसला पदराखाली घेतलं. तिहो शहरातून आलेला धन्याचा कारभारी तेव्हा कोंबड्यांचे पाय बांधून घेत होता. त्याने मान वर केली. तो पोरीकडे बघत नव्हता, पास्कालाच्या तोंडाकडेही नाही. गाय विकत घेणारा माणूस जिथे बघतो, तिथे तो बघत होता. मग तो गावच्या मुखियाशी काहीतरी बोलला. मुखियाने परक्यांनी दिलेली टोपी काढली, मान हलवली, टोपी पुन्हा घातली. गावाचा सगळा कारभार एवढ्यातच चालायचा.

समुद्रापलीकडे बसलेल्या कुठल्याशा राजाने आमचं तिशकान गाव माणसांसकट, कापसासकट, मधासकट तिहोच्या एका सरदाराला देऊन टाकलं होतं. देणाऱ्याने गाव पाहिलं नव्हतं आणि घेणाऱ्यालाही पाहायची कधी गरज वाटली नव्हती. त्या सरदाराची बायको अडीच महिन्यांपूर्वी बाळंत झाली होती आणि मुलाला पाजायला आणलेल्या पहिल्या बाईचं दूध आता आटलं होतं. सरदाराच्या बायकोला स्वतःला दूध आलं नव्हतं असं नाही, पण खानदानी बायका पाजत नाहीत. छाती ओघळते म्हणे. तेव्हा गाव कापड देत होतं, मेण देत होतं, कोंबड्या देत होतं, तसं आता दूधही द्यायचं होतं.

पास्कालाचा नवरा गास्पार कारभाऱ्याच्या घोड्यामागे गावाच्या वेशीपर्यंत धावला. लेकीला तरी तिच्याबरोबर जाऊ द्या, म्हणाला. कारभारी घोडा थांबवून म्हणाला, "वासरू बरोबर नेलं तर दूध उरेल का रे?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. धाकट्या धन्यांना दात आले की हिला परत पाठवू, असं त्याने सांगितलं. इनेस नणंदेच्या, मार्ताच्या पदरात राहिली. मार्ताला स्वतःचा सहा महिन्यांचा मुलगा होता आणि अंगाने ती काठीसारखी.

तिहोतलं ते घर भलं मोठं होतं. ज्या उंचवट्यावर पास्कालाच्या खापरपणज्यांचे देव बसायचे त्याचेच दगड उपसून परक्यांनी तिथे घरं बांधली होती. सरदारसाहेबांनी वर दारावर सिंह कोरून घेतला होता, आपल्या घराण्याचा म्हणून. कोरणारा गडी इकडचाच. त्याने जन्मात सिंह पाहिला नव्हता. त्यामुळे तो सिंह कुत्र्यासारखा झाला होता, आणि तोही पोट बिघडलेल्या कुत्र्यासारखा. घरातलं सगळं खानदान रोज त्या जनावराखालून मान ताठ ठेवून आत जायचं.

मुलाला इतकी नावं ठेवली होती की पाद्रीबाबांना बाप्तिस्म्याच्या वेळी मध्ये श्वास घ्यावा लागला म्हणे. पहिलं नाव लोरेन्सो. बाकीची कुणाच्या लक्षात राहत नसत. घरातले नोकर त्याला धाकटे धनी म्हणत. धाकटे धनी दिवसभर लेसच्या उशीवर आडवे असायचे. त्यांना उचलायचं तर उशीसकट, देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसं. उकाड्याने झाडावरची पाखरं गप्प बसायची, त्या उकाड्यात त्यांच्या अंगावर तीन कपडे आणि डोक्याला टोपडं. मग अंगावर घामोळं उठलं की त्यांच्या आई, एल्विरा बाईसाहेब, म्हणायच्या, दूध बाधलं.

एल्विरा बाईसाहेबांचा सगळा जन्म या दुधावर नजर ठेवण्यात चालला होता. पाद्रीबाबांनी त्यांना सांगितलं होतं की दुधातून रक्त उतरतं, रक्तातून स्वभाव. त्यांच्या मावसबहिणीचा मुलगा असाच एका आमच्यातल्या बाईच्या अंगावर वाढला. आता दहा वर्षांचा घोडा झाला तरी खुर्चीवर बसत नाही, उकिडवा बसतो आणि मिरचीबरोबर मक्याची भाकरी मागतो. हे सांगताना बाईसाहेबांचा आवाज खाली जायचा, घरात कुणाला महारोग झाल्यासारखा. म्हणजे दूध तर आमचं हवं, पण आम्ही त्यात नको. पाजण्याआधी पास्कालाची छाती गुलाबपाण्याने धुतली जायची, शुक्रवारी तीर्थाने. तिला मका बंद, घेवडा बंद, मिरची बंद. गव्हाचा पाव आणि मेंढीचं पाणचट कालवण, तेवढंच. त्याने दूध ख्रिस्ती होतं.

त्याने दूध आटलं. आठ दिवसांत पास्कालाची छाती पिळून टाकल्यासारखी झाली आणि धाकटे धनी भुकेने किंचाळायला लागले. स्वयंपाकीण हासिन्ता या घरात वीस वर्षं होती, आमच्याच भाषेची, पार पूर्वेकडच्या गावची. ती मागच्या पडवीत मक्याची दाट पेज करून रोज सकाळी पास्कालाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पी गं बयो. तुझं दूध ख्रिस्ती होईपर्यंत त्यांचा पोरगा मरेल." पुन्हा दूध आलं. एल्विरा बाईसाहेबांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या बायकांना सांगितलं की गव्हाचा गुण हळूहळू लागतो.

पास्काला हे सगळं बघत होती. इथल्या भुईत न पिकणारा या लोकांचा गहू, त्यांच्या अंगाला न सोसणारं ऊन, आणि त्यांना न पाजता येणारी त्यांची मुलं. आमच्या हाताशिवाय यांना साधी लंगोटी बदलता येत नाही, आणि आम्ही म्हणे रानटी. तिला राग येत नसे. रागाला समोरचा माणूस थोडा तरी तोलाचा लागतो.

महिनाभराने तिशकानचे गडी लाकूडफाटा घेऊन आले तेव्हा मागच्या दारी तिला निरोप मिळाला. मार्ताचं दूध पुरत नाही. इनेसला मक्याचं पाणी पाजताहेत, कधी कोणा शेजारणीचं दूध, कधी नाही. मांड्यांची कातडी लोंबायला लागली आहे. तिला तीन महिने पुरे झाले तेव्हा कान्चे आजीनेच तिला कडेवर घेतलं, कारण थांबून उपयोग नव्हता.

त्या गड्याला वाटलं तो चांगली बातमी देतोय. आमच्यात पोरगी तीन महिन्यांची होईपर्यंत तिला कडेवर घेत नाहीत, हातांवर आडवीच धरतात. चुलीचे तीन दगड, म्हणून तीन महिने. मुलगा असेल तर चार, कारण शेताला चार कोपरे. तो दिवस आला की आईबाप आपल्या हाताने मूल दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत देतात. ते माणूस मुलाला पहिल्यांदा दोन्ही पाय फाकवून कडेवर बसवतं, नऊ फेरे घालतं, उलटे नऊ घालतं, आयुष्यभर लागणारी अवजारं हातात देतं, अंडं, भोपळ्याच्या बिया, भाजक्या मक्याचं पीठ जिभेवर ठेवतं. त्याशिवाय पाय मोकळे होत नाहीत, डोकं उघडत नाही. इनेसचं ते झालं आणि आई तिहोत धाकट्या धन्यांना ढेकर काढत बसली होती.

त्याच दुपारी ती एल्विरा बाईसाहेबांसमोर उभी राहिली. माझ्या पोरीला इथे आणू द्या, नाहीतर मला चार दिवस घरी जाऊ द्या, एवढंच ती म्हणाली. बाईसाहेब चॉकलेट पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला नाही. "तुमची मुलं काटक असतात," त्या म्हणाल्या. "आणि गेलं तर तुम्हाला काय, दुसरं होतं. माझा एकच आहे." मग हासिन्ताला सांगितलं की हिच्या डोळ्यांत पाणी दिसतंय, आज पाजण्याआधी दूध थोडं पिळून टाकून दे, दुःख उतरेल.

हासिन्ताने ते दूध पिळून अंगणात ओतलं. मुंग्या लागल्या. पास्काला त्या मुंग्यांकडे बराच वेळ बघत उभी राहिली. इनेसच्या वाट्याचं होतं ते. दात यायला अजून तीन महिने तरी होते, आणि मांड्यांची कातडी लोंबणारी पोर तीन महिने काढत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पळून गेली असती तर कारभारी दुसऱ्या दिवशी घोड्यावरून तिशकानला आला असता. आजारी पडली असती तर बाईसाहेबांनी वैद्य आणला असता. या घराने आपल्याला स्वतःच्या हाताने बाहेर टाकलं पाहिजे. आणि हे घर कशाला भितं ते तिला ठाऊक होतं. बाईसाहेबांच्या मावसबहिणीचं उकिडवं बसणारं दहा वर्षांचं पोरगं, एवढ्यालाच.

धाकट्या धन्यांना चार महिने पुरे झाले त्याच्या पुढच्या रविवारी तिहोतल्या पाचसहा खानदानी बायका एल्विरा बाईसाहेबांकडे जमल्या. पास्कालाने हासिन्ताला आपला बेत आधीच सांगितला होता. हासिन्ताने पाट्यावरचा वाटलेला मका गोळा केला. मग म्हणाली, "फटके बसतील. केस कापतील. आणि तरी नाही सोडलं तर?"

"तर फटके बसतील आणि केस कापतील," पास्काला म्हणाली.

"मी काही बघितलेलं नाही," हासिन्ता म्हणाली. "वीस वर्षं या घरात मी काहीच बघितलेलं नाही." आणि तिने उठून माळ्याची टोकदार काठी आणली, शेतात भोक पाडून मका पेरायची ती, एक कोयता आणला, पाणी न्यायचा भोपळा आणला आणि सगळं पाट्याजवळ मांडलं. नऊ बिया, एक उकडलेलं अंडं, मूठभर पीठ. मग पाठ फिरवून चूल फुंकायला लागली.

धाकटे धनी बायकांच्या गराड्यात उशीवर रडत होते. एल्विरा बाईसाहेबांनी त्यांना उचललं आणि पास्कालाच्या हातात दिलं. "घेऊन जा याला. भूक लागलीय."

पास्कालाने ते टोपडं काढलं. तिन्ही कपडे काढले. लेसची उशी पडवीच्या कट्ट्यावर ठेवली आणि उघड्या पोराला पाय फाकवून आपल्या कडेवर बसवलं. मग पाट्याभोवती पहिला फेरा. दर फेऱ्याला एक बी उचलून ती त्याच्या ओठांना लावत होती आणि आजी म्हणते तसं हळू आवाजात म्हणत होती, ही काठी घे, यानं पेर. हा कोयता घे, यानं रान तोड. हा भोपळा घे, तहान लागेल. तिला ते सगळं सोंग वाटत होतं. शेतात कधी पाय न ठेवणाऱ्या घराण्याच्या वारसाला पेरायची काठी. तिला हसू येत होतं.

तिसऱ्या फेऱ्याला पोरगं रडायचं थांबलं. पाचव्याला त्याने काठी घट्ट धरली. त्याच्या मांड्यांना पहिल्यांदा माणसाचं अंग लागलं होतं, वारा लागला होता, आणि जग उभं दिसत होतं. सातव्या फेऱ्याला तो हसला. मोठ्याने, खिदळून. त्या घरात तो त्याआधी कधी हसलेला नव्हता, म्हणूनच दिवाणखान्यातल्या बायका काय झालं ते बघायला पडवीत आल्या.

त्यांनी पाहिलं ते असं: तिशकान आणि आणखी चार गावांचे होणारे मालक अंगावर चिंधी नसलेले, ओठांना पीठ लागलेलं, हातात पेरणीची काठी, आणि एका रानटी बाईच्या कडेवर बसून आनंदाने लाळ गाळताहेत.  पास्कालाने उरलेले फेरे पुरे केले, उलटेही घातले, घाई केली नाही. मग एल्विरा बाईसाहेबांनी पुढे होऊन मुलाला ओढून घेतलं. आडवं धरलं. पोराने पाठीची कमान केली आणि असा काही टाहो फोडला की एका बाईने कानांवर हात ठेवले. दोन्ही हात पास्कालाकडे.

"काय केलंस तू याला?" बाईसाहेबांचा चेहरा त्यांच्या पावाच्या रंगाचा झाला होता.

"काही नाही बाईसाहेब," पास्काला म्हणाली. "आमच्यात मुलाला असंच माणसात घेतात. आता तो आमचा झाला."

एवढं एक वाक्य तिने दोन रात्री जुळवून ठेवलं होतं, आणि ते बरोबर बसलं. पाद्रीबाबांना बोलावलं गेलं. त्यांनी बियांवर तीर्थ शिंपडलं, अंड्यावर शिंपडलं, काठीवर शिंपडलं, पाट्यालाही सोडलं नाही. पोरावर शिंपडलं तेव्हा तो पुन्हा रडला, म्हणून त्यांनी दुप्पट शिंपडलं. खानदानी बायका छातीवर क्रूस काढत होत्या आणि माना लांब करून बघतही होत्या; वर्षभर पुरेल एवढी बातमी मिळाली होती. एक म्हणाली, बघा बघा, पाय कसे फाकवतोय. धाकट्या धन्यांनी पाय फाकवले होते खरे, कारण त्यांना शी झाली होती.

हिच्या दुधाचा थेंबही आता नको, असा निकाल लागला. देवळाच्या अंगणात पास्कालाला बारा फटके बसले आणि तिचे केस कानांपर्यंत कापले. मग तिला हाकलून दिलं. हासिन्ता मागच्या दारी उभी होती. तिने पानात बांधलेल्या भाकऱ्या दिल्या. ती काहीच बघत नव्हती, फक्त तिचे डोळे लाल होते. चुलीच्या धुराने असतील.

दोन दिवसांची वाट पास्कालाने दीड दिवसात चालली. पाठीला झगा चिकटत होता आणि पुढून दुधाने भिजत होता. इनेस ओळखू येईना, डोळे मोठे आणि बाकी काहीच नाही. पहिल्यांदा तिने छाती धरलीच नाही. विसरली होती. कान्चे आजीने तिच्या ओठांवर दूध पिळलं, गाल चोळले, पुन्हा पिळलं. दुपार उलटली तेव्हा पोरीने तोंड लावलं आणि मग सोडेना. पास्कालाला दुखत होतं आणि तिला ते दुखणं हवं होतं.

पंधरा दिवसांनी इनेसच्या मांड्या भरायला लागल्या तेव्हा पास्कालाने आजीला सगळी गोष्ट हसत हसत सांगितली. पाद्रीबाबा, उकडलेलं अंडं, बाईसाहेबांचा चेहरा, सगळं. गास्पार हसून हसून लोळला. आजी हसली नाही.

"फेरे नऊच घातलेस?"

"नऊ. उलटेही नऊ."

"बिया, अंडं, पीठ?"

"सगळं होतं, आजी."

"आणि पोराला तुझ्याकडे दिलं कुणी?"

"त्याच्या आईनेच. स्वतःच्या हाताने."

कान्चे आजीने सुताची चाती खाली ठेवली. "म्हणजे रीतसर झालं सगळं. सोंग तुझं होतं गं, फेऱ्यांना काय ठाऊक. पोरगा हसला म्हणतेस ना? मग तू त्याची धर्माची आई झालीस. जन्मभराची."

"आजी, तो त्या घराचा आहे."

"घराला कुठे कडेवर घेतलंस तू? पोराला घेतलंस."

 त्या घराबद्दल पास्कालाला आजही काडीची कणव नाही. एल्विरा बाईसाहेबांचं नाव निघालं की ती थुंकते. तो सिंह कोसळून दाराबाहेर पडावा आणि खाली सरदारसाहेब असावेत, असं ती उघड बोलते. पण संध्याकाळी इनेसला कडेवर घेतलं की तिचा दुसरा हात आपोआप रिकाम्या कमरेवर जातो. लाकूडफाटा नेणाऱ्यांनी पुढच्या खेपेला सांगितलं की धाकट्या धन्यांसाठी आता त्यांच्याच जातीची कुणी गरीब बाई आणली आहे, तिला दूध फारसं नाही. शेळीचं देतात म्हणे. पुन्हा उशीवर ठेवलंय, पुन्हा तीन कपडे. दुपारी रडायला लागला की पडवीच्या दाराकडे मान वळवतो. त्यानंतर तीन महिने काही कळलेलं नाही. तिला त्या शहराच्या वेशीत पाऊल टाकायची बंदी आहे, आणि केस अजून खांद्याला टेकलेले नाहीत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी मेण किंवा कोंबड्या घेऊन तिहोला जाणार असेल, तर तिचं एवढं काम करा. दारावर पोट बिघडलेला सिंह आहे ते घर. पुढून जाऊ नका, मागे पडवी आहे, हासिन्ताला विचारा. ती काही बघितलं नाही म्हणेल, तरी थांबा. पोराच्या मांड्या बघा, कातडी लोंबते का ते. आणि आसपास कुणी नसेल, तर टोपडं काढून त्याला थोडा वेळ कडेवर घ्या, मगच परत या.